वाचकांचे प्रश्न : अध्ययनगटात नाव द्यावे का?

जून महिन्यात महाविद्यालये उघडली की या सदराकडे प्रवेशाविषयी आणि विषयनिवडीविषयी पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच गोष्टीविषयी होती, म्हणून हे संपूर्ण सदर त्या चार पत्रांना दिले आहे. ही गोष्ट म्हणजे एखादे सूत्र मध्यभागी ठेवून चालणारा अध्ययनगट. इंग्रजीत त्याला ‘थीम्ड लर्निंग कम्युनिटी’ म्हणतात आणि मुलांच्या बोलण्यात तो नुसता ‘थीम ग्रुप’ असतो. वीस-पंचवीस विद्यार्थी पाणी, आरोग्य, शहर, स्थलांतर असे एखादे सूत्र धरून दोन किंवा तीन विषय एकत्र शिकतात, ते विषय शिकवणारे अध्यापक आपसांत ठरवून पाठ आखतात, आणि तीच मुले सत्रभर पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर येत राहतात, एवढीच त्याची रचना आहे. महाविद्यालयातील एखाद्या मंडळाहून ही गोष्ट वेगळी आहे. मंडळ अभ्यासक्रमाच्या बाहेर चालते, तर अध्ययनगट अभ्यासक्रमाच्या आत असतो. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी वाळपईजवळच्या एका गावात राहते आणि पणजीच्या एका महाविद्यालयात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. इतिहास हा माझा मुख्य विषय आहे. महाविद्यालयाने ‘पाणी’ हे सूत्र घेऊन चोवीस विद्यार्थ्यांचा अध्ययनगट सुरू केला आहे आणि त्यात कला, विज्ञान व वाणिज्य अशा तिन्ही शाखांची मुले असतील. दोन विषय एकत्र शिकायचे आणि महिन्यातून दोन शनिवार बाहेर पाहणीला जायचे, असे आम्हाला सांगण्यात आले. बाबा म्हणतात, मुख्य विषयाचा अभ्यास सोडून हे कशाला? मला जावेसे वाटते, पण मी रोज कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी परिवहनाच्या, बसने ये-जा करते, आणि माझे प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेले असल्यामुळे इंग्रजीतील चर्चेत मी मागे पडेन अशी भीती वाटते. मी नाव द्यावे का?
(एक विद्यार्थिनी, सत्तरी)

उत्तर : माझे मत आधी सांगते आणि कारणे मागाहून देते. नाव दे. मात्र अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन दोन गोष्टींची चौकशी कर, कारण तुझे वर्ष समाधानाचे जाईल की दगदगीचे, हे त्या दोन उत्तरांवर अवलंबून आहे.

पहिली चौकशी अध्यापकांविषयी. गटाला जोडलेले दोन विषय शिकवणारे अध्यापक सत्र सुरू होण्यापूर्वी एकत्र बसले आहेत का, आणि दोन्ही विषयांत मिळून गुण धरले जातील असे निदान एक तरी सामाईक काम ठरले आहे का, हे स्पष्टपणे विचार. असे विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही. मी महाविद्यालयात शिकवत असताना विज्ञान शाखेतील एका सहकाऱ्याबरोबर असा प्रयोग केला होता. आम्ही दोघांनी मोठ्या उत्साहाने सूत्र ठरवले, परंतु वेळापत्रकात आमचे तास वेगवेगळ्या दिवशी पडले आणि आम्हीही ते तसेच चालू दिले. सहकारी खारफुटीच्या मुळांविषयी शिकवत असत तेव्हा मी अजून पोर्तुगीज राजवटीच्या आरंभाशीच असे, आणि मुलांना या दोन विषयांत कोणतेही नाते दिसेना. दुसऱ्या सत्रात आम्ही एकमेकांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसू लागलो, एकाने अर्धवट सोडलेला प्रश्न दुसरा उचलू लागला, आणि तेव्हा कुठे मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागली. त्या पहिल्या सत्रातील मुलांचे आम्ही नुकसान केले, असे मला आजही वाटते. सूत्राचे नाव कितीही आकर्षक असले, तरी शिकवणारे एकमेकांशी बोलत नसतील तर तो गट केवळ कागदावर राहतो.

दुसरी चौकशी श्रेयांकांविषयी, म्हणजे क्रेडिटविषयी, आणि तुझ्या बाबांच्या शंकेचे उत्तरही तिच्यातच आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात त्यांपैकी किमान ६० मुख्य विषयाचे, २४ दुय्यम विषयाचे आणि ९ बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांचे आहेत, शिवाय भाषा, कौशल्य आणि मूल्यवर्धन यांचे श्रेयांक वेगळे आहेत. गटाचे दोन विषय जर या बहुविद्याशाखीय किंवा मूल्यवर्धनाच्या श्रेयांकांत बसत असतील, तर ते तास तुला तसेही कुठेतरी बसून पूर्ण करावेच लागणार आहेत, आणि इतिहासाच्या एकाही तासाला धक्का लागत नाही. हा हिशेब कागदावर मांडून बाबांना दाखव. बारावीला जो विषय तू शिकली आहेस तोच पुन्हा बहुविद्याशाखीय म्हणून घेता येत नाही, तेव्हा तेही तपासून घे. गटाचे काम श्रेयांकांच्या पूर्णपणे बाहेर असेल, तर मात्र बाबांचे म्हणणे गंभीरपणे घ्यायला हवे, कारण रोजचा एवढा प्रवास करणाऱ्या मुलीच्या दिवसात तितकी मोकळी जागा नसते.

बाबांना आणखी एक उदाहरण सांगता येईल. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) हे गणिताचे अभ्यासक होते. प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी हाताळली जाऊन झिजतात आणि त्यांचे वजन कमी होत जाते, हे ध्यानात घेऊन त्यांनी हजारो नाण्यांचे वजन केले आणि संख्याशास्त्राच्या आधारे त्या नाण्यांचा कालक्रम लावण्याचा मार्ग दाखवला. इतिहासाचा एक प्रश्न गणिताच्या हाताने सुटू शकतो, हे त्यांच्या कामाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

आता सूत्राविषयी. गोव्यात ‘पाणी’ हे सूत्र निवडणाऱ्यांनी फार विचाराने निवडले आहे, असे मला वाटते. म्हादई कर्नाटकातील भीमगडच्या डोंगरांत उगम पावते, तुझ्या सत्तरीतून वाहत येते, पुढे मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. तू रोज सकाळी बसने ज्या दिशेने जातेस, त्याच दिशेने तेही पाणी जात असते. त्या नदीच्या पाणीवाटपासाठी २०१० साली लवाद नेमला गेला आणि त्याचा निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये आला. पणजीच्या नळाला येणारे पाणी प्रामुख्याने ओपा येथे खांडेपार नदीतून उचलले जाते आणि ती नदीही पुढे मांडवीलाच मिळते. गटातील पणजीच्या मुलाला नळ ठाऊक असेल, तुला नदी ठाऊक आहे, आणि या दोन गोष्टी एकाच टेबलावर येणे हाच अशा गटाचा पहिला धडा असतो.

तिसवाडीत, दिवाडीला किंवा चोडणला, तुम्हाला बहुधा खाजन शेती पाहायला नेतील. तेथे डोळे उघडे ठेवून पाहा. खाडीच्या खाऱ्या पाण्याला अडवण्यासाठी माती आणि दगड यांचे बांध घातलेले असतात, आणि बांधात पाणी आत-बाहेर करण्यासाठी मानस असते. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. या एका दाराजवळ तिन्ही शाखांची मुले उभी करावीत. विज्ञानाचा विद्यार्थी पाण्याचा खारेपणा मोजेल आणि कोरगुटासारखा भात त्या खाऱ्या जमिनीत कसा तग धरतो, हे विचारील. वाणिज्याचा विद्यार्थी विचारील की मानशीवर जाळे लावून मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो तेव्हा त्याचे पैसे कोणाकडे जातात आणि बांधाच्या दुरुस्तीला त्यातले किती लागतात. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून तू विचारशील की हे बांध राखण्याची जबाबदारी गावकरीवर, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेवर, कशी आली, आणि त्यासाठी तुला १५२६ साली आफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने नोंदवलेल्या, गावकऱ्यांच्या चालीरीतींच्या सनदेपर्यंत मागे जावे लागेल. तेथून पुढे १९६४ च्या कूळ कायद्यापर्यंत यावे लागेल, कारण त्यानंतर बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघटनांकडे सरकली. आज अनेक ठिकाणी बांध फुटून खारे पाणी शेतात का शिरते, याचे उत्तर या तिघांपैकी कोणा एकाच्या पुस्तकात नाही. तिघांनी आपापली वही उघडून एकत्र बसल्याशिवाय ते उत्तर लिहिता येणार नाही, आणि ते लिहिण्याचा प्रयत्न पहिल्या वर्षातच करायला मिळणे ही मोठी संधी आहे.

इंग्रजीची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण एक लक्षात घे, की मानशीजवळ जो शेतकरी भेटेल तो कोकणीत बोलेल, तुझ्या गावातील म्हातारी माणसे पुराच्या आठवणी मराठीत आणि कोकणीत सांगतील, आणि गटातील काही मुलांना त्यांच्याशी धड चार वाक्ये बोलता येणार नाहीत. तेथे गटाला तुझी गरज लागेल. वर्गातील चर्चेसाठी एक साधी पद्धत ठेव. आदल्या दिवशी दोन प्रश्न मराठीत लिही, त्यांचे इंग्रजी कर, आणि चर्चेच्या पहिल्या दहा मिनिटांतच त्यांपैकी एक विचार. उशीर केला की बोलणे अवघड होत जाते, हा अनुभव मी कितीतरी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिला आहे. वहीतील टिपणे मराठीतच ठेव, त्यात काहीही कमीपणा नाही. सासष्टीतील रोमी लिपीत कोकणी लिहिणारी मुलगी आणि सत्तरीतील देवनागरीत मराठी लिहिणारी मुलगी एका प्रकल्पावर सत्रभर काम करतात, असे आपल्या छोट्याशा राज्यातही फार वेळा घडत नाही, आणि मला ते मनापासून घडायला हवे आहे.

बसची अडचण मात्र अर्जावरच लिहून दे. शेवटच्या तासानंतरच्या बैठका तुला शक्य नाहीत, दुपारच्या सुट्टीत ठेवल्या तर शक्य आहेत, असे आधी कळवले तर गट त्याप्रमाणे वेळ ठरवू शकतो. न कळवता दोनदा गैरहजर राहिलीस तर तीच गोष्ट अनास्था ठरते. बसची वाट पाहण्यात जाणारा वेळ पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात घालवता येईल. १८३२ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि गोव्याच्या इतिहासाचा विभाग तुझ्या कामाचा आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षासाठी प्रवेश मिळाला आहे. वसतिगृहाच्या अर्जात तिला ‘थीम्ड लर्निंग कम्युनिटी’ निवडण्यास सांगितले असून तिने पर्यावरणाचा गट पसंत केला आहे. त्या गटातील मुले एकाच मजल्यावर राहतात. माझे म्हणणे असे आहे की तिने आपल्या भारतीय मुलींबरोबर राहावे आणि पहिल्या वर्षी केवळ अभ्यासाकडे लक्ष द्यावे. हा गट म्हणजे वेळेचा आणि पैशांचा अपव्यय तर नव्हे? विद्यापीठाकडे मी स्वतः चौकशी करू का?
(एक पालक, फोंडा)

उत्तर : आपली काळजी समजू शकते. एवढ्या दूर मुलीला पाठवताना तिच्या आसपास ओळखीची भाषा आणि ओळखीचे जेवण असावे, असे कोणत्याही पालकाला वाटेल. तरीही या बाबतीत मुलीची निवड मला योग्य वाटते.

ही कल्पना तेथे नवी नाही. अलेक्झांडर माइकलजॉन या शिक्षणतज्ज्ञाने १९२७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात एक प्रायोगिक महाविद्यालय सुरू केले. त्यातील विद्यार्थी आणि अध्यापक एकाच वसतिगृहाच्या इमारतीत एकत्र येत, पहिले संपूर्ण वर्ष प्राचीन अथेन्सचा अभ्यास करीत आणि दुसरे वर्ष आधुनिक अमेरिकेचा. दोन वर्षांच्या मधल्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या स्वतःच्या गावाचा किंवा परिसराचा अभ्यास करून तो लिहून आणायचा, असा तेथे नियम होता. मला त्या प्रयोगातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि आपल्या महाविद्यालयांनीही तो उचलावा असे वाटते. तो प्रयोग १९३२ साली बंद पडला, पण कल्पना टिकली. वॉशिंग्टन राज्यात १९७१ साली सुरू झालेल्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजने संपूर्ण सत्राचा अभ्यास एका सूत्राभोवती बांधण्याची पद्धत रूढ केली, आणि पुढे तेथील अनेक विद्यापीठांनी पहिल्या वर्षासाठी तिचे लहान स्वरूप स्वीकारले.

फायदा किती होतो, याविषयी अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत. न्यूयॉर्कमधील किंग्जबरो कम्युनिटी कॉलेजमध्ये सुमारे दीड हजार नव्या विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन भागांत विभागणी करून याचा काळजीपूर्वक अभ्यास झाला होता. पंचवीस-पंचवीस जणांच्या गटांनी तीन जोडलेले विषय एकत्र घेतले, त्यांना अधिक मार्गदर्शनही मिळाले, आणि पहिल्या सत्रात ते इतरांपेक्षा जास्त विषयांत उत्तीर्ण झाले. पुढील सत्रांत हा फरक ओसरत गेला. म्हणजे आधार मिळतो, आणि तो नेमका घर सोडून गेल्यावरच्या पहिल्या महिन्यांत मिळतो. आपल्या मुलीला तो त्याच महिन्यांत हवा आहे.

खर्चाविषयी दोन प्रश्न विचारावे लागतील. गटासाठी वेगळे शुल्क आहे का, आणि त्या मजल्यावरील खोलीचे भाडे इतर खोल्यांपेक्षा जास्त आहे का. गटात राहणे आणि गटाबरोबर विषय शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही पाहून घ्यावे. काही विद्यापीठांत मुले केवळ एका मजल्यावर राहतात आणि विषय प्रत्येकाचे निराळे असतात. तसे असेल तर ती एक चांगली निवासव्यवस्था आहे, त्याहून अधिक काही नाही. गटाचे विषय तिच्या पदवीत धरले जातात याची खात्री असावी, कारण एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरील पदवीच्या विद्यार्थ्याला सामान्यतः प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात, आणि पदवीला उपयोगी न पडणारा विषय घेणे परदेशी शुल्काच्या दराने फार महाग पडते. जेवणाच्या सोयीविषयी अर्जातच लिहावे.

चौकशी मात्र मुलीनेच करावी. तेथे १९७४ च्या कायद्यानुसार महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवर हक्क विद्यार्थ्याचा असतो आणि सर्वसाधारणपणे त्याच्या संमतीशिवाय त्या पालकांनाही दिल्या जात नाहीत. आपण पत्र पाठवले तरी उत्तर बहुधा तिलाच येईल. दोघांनी एकत्र बसून प्रश्न लिहावेत आणि ते तिने आपल्या नावाने पाठवावेत, म्हणजे जाण्यापूर्वीच तेथील कार्यालयाशी पत्रव्यवहार करण्याची तिला सवय होईल. भारतीय मैत्रिणी तिला कुठेही राहिली तरी भेटतील, त्यासाठी खोली एकच असण्याची गरज नाही.

प्रश्न : मी मडगावात विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे गुण चांगले आहेत आणि मी एकट्यानेच अभ्यास करतो. महाविद्यालयात सुरू होणाऱ्या अध्ययनगटात मी यावे असा प्राध्यापकांचा आग्रह आहे. गटात बसून इतरांना समजावण्यात माझाच वेळ जाईल, असे मला वाटते. हुशार विद्यार्थ्याला गटाचा काय उपयोग?
(एक विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : तुझ्या प्रश्नाला एका गणिताच्या शिक्षकाने फार पूर्वी उत्तर दिले आहे. यूरी ट्राइस्मन हे १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत काम करत होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास का होतात, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. मुलांची तयारी कमी असेल, घरचा पाठिंबा नसेल, इच्छाच नसेल, अशी स्पष्टीकरणे आजूबाजूचे लोक देत होते. ट्राइस्मन यांनी वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात, हे त्यांच्या खोल्यांत जाऊन, महिनोन्‌महिने त्यांच्यासोबत राहून पाहिले. वरील कोणतेही स्पष्टीकरण टिकले नाही. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकट्याने गणिते सोडवत आणि मग संध्याकाळी एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत, कोणाचे कुठे चुकले ते सांगत, आणि न सुटलेले गणित सगळ्यांनाच सुटलेले नाही हे त्यांना कळत असे. कृष्णवर्णीय विद्यार्थी तितकाच नेटाने अभ्यास करत, पण जवळजवळ सगळे एकट्याने, आणि अडले की दोष आपल्यातच आहे असे समजत.

यावर ट्राइस्मन यांनी जो उपाय केला तो तू नीट वाच. त्यांनी कच्च्या मुलांची शिकवणी सुरू केली नाही. नेहमीपेक्षा कठीण गणिते घेऊन मुलांना लहान गटांत बसवले. जे एकट्याला सहज सुटते ते गटात देण्यात अर्थच नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्या कार्यशाळांत आलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल झपाट्याने सुधारले.

तेव्हा तुझ्या प्राध्यापकांना एवढेच विचार की गटासमोर कोणत्या प्रतीचे प्रश्न ठेवले जाणार आहेत. पाठ्यपुस्तकातील स्वाध्याय सोडवायला गट जमणार असेल, तर तुझी शंका रास्त आहे आणि तू नम्रपणे नकार देऊ शकतोस. प्रश्न तुलाही अडवणारे असतील, तर जा. आजवर तुला एकट्याला न सुटलेले किती प्रश्न भेटले, हे स्वतःला विचारून पाहा. ते थोडेच असतील, तर तुझ्यासमोर आलेले प्रश्नच सोपे होते, अशी शक्यता अधिक आहे. आणि समजावून सांगण्यात वेळ वाया जातो, हे मला मान्य नाही. आपल्याला कळले आहे असे वाटणारी एखादी सिद्धता दुसऱ्याला सांगताना तिसऱ्याच ओळीत अडखळायला होते, आणि ती ओळ परीक्षेआधी सापडणे बरे.

प्रश्न : मी गेले दोन महिने एका अध्ययनगटात आहे. सहा जणांच्या आमच्या तुकडीत दोघेच काम करतो आणि बाकीचे चौघे आमचे लिहिलेले आपल्या नावाने देतात. आम्ही गावातील वृद्धांच्या मुलाखती घेतल्या, त्याही मीच लिहून काढल्या. मला गट सोडायचा आहे. सोडू का?
(एक विद्यार्थिनी, काणकोण)

उत्तर : लगेच सोडू नकोस, पण गप्पही राहू नकोस. पुढील बैठकीत कामाची विभागणी लेखी करण्याचा आग्रह धर, आणि प्रत्येक भागापुढे करणाऱ्याचे नाव असावे असे सुचव. मार्गदर्शक अध्यापकांना तुमच्यापैकी दोघींनी किंवा दोघांनी मिळून भेटावे, म्हणजे ती एकटीची तक्रार वाटणार नाही. भेटताना चौघांची निंदा करू नका. सामाईक अहवालाबरोबर प्रत्येकाने स्वतंत्र दोन पानांचे टिपण द्यावे आणि काही गुण त्या टिपणाला असावेत, एवढीच मागणी करा. पुष्कळ अध्यापक ती मान्य करतात, कारण मूल्यमापनाची अडचण त्यांनाही असतेच. त्या चौघांपैकी एखाद्याला काम कसे करावे हेच ठाऊक नसेल, अशीही शक्यता धरून चाल. मुलाखत कशी घ्यावी हे कोणी शिकवलेले नसते आणि न येण्याची लाज वाटून माणूस मागे राहतो. पुढच्या मुलाखतीला अशा एकाला सोबत ने.

महिनाभरात काहीच बदलले नाही, तर सोड. त्याआधी गटाचे विषय मध्येच सोडल्यास श्रेयांकांचे काय होईल, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारून घे. नाहीतर रागाच्या भरात घेतलेल्या निर्णयाने सत्रातील ते तास फुकट जायचे. आणि लिहून काढलेल्या मुलाखती मार्गदर्शकांच्या स्वाधीन करून मगच बाहेर पड. गावातील ज्या आजी-आजोबांनी तुला आपला वेळ दिला, त्यांनी तो या अभ्यासासाठी दिला होता, तेव्हा ते शब्द तुझ्या कपाटात पडून राहू नयेत. ज्यांनी मुलाखती दिल्या त्यांची नावे आणि संमती वहीत नीट नोंदवलेली आहे ना, तेवढे देण्यापूर्वी एकदा पाहून घे.